एका कूलरपुढे किती माणसे झोपतात?

या अंकासाठी कामाचे अनुभव लिहा, असे संपादकांनी सुचवले, तेव्हा मी सवयीप्रमाणे आधी लेखाची व्याप्ती, सीमा आणि गृहीतके ठरवायला बसले. त्या दिवशी लेखाची एक ओळही लिहून झाली नाही. गृहीतके मात्र दोन पाने झाली. असे अनुभव लोक बहुधा निवृत्तीनंतर लिहितात. मी तिशी ओलांडण्याआधीच लिहायला घेतले, यावरून माझ्या महत्त्वाकांक्षेचा अंदाज वाचकांनी बांधावा.

माझा व्यवसाय जीवनचक्र मूल्यमापनाचा. एखादी वस्तू घ्यायची आणि खाणीतल्या खनिजापासून भंगारवाल्याच्या हातगाडीपर्यंत तिचा सगळा प्रवास मोजायचा: कोळसा किती जळाला, पाणी किती गेले, हवेत काय मिसळले. माझी आई शेजारी सांगते, "आमची मुलगी वस्तूंच्या पत्रिका मांडते." ही व्याख्या मी बरीच वर्षे नाकारली. आता वाटते, तिने आमच्या क्षेत्राचा जरा जास्तच सन्मान केला. पत्रिका मांडणारे निदान जन्मवेळ नीट विचारून घेतात. आम्ही ती बहुतेक वेळा युरोपातून उसनी आणतो.

कारण असे, की एका साध्या वस्तूच्या हिशेबालाही हजारो आकडे लागतात. एक युनिट वीज, एक किलो पत्रा, ट्रकचा एक किलोमीटर, या प्रत्येकाचा भार स्वतः मोजत बसलो तर आयुष्य संपेल. म्हणून तयार माहितीसंच विकत घेतात. ते ज्या देशांत तयार झाले, तिथे कपडे यंत्रात वाळतात, ट्रकमध्ये क्षमतेपेक्षा जास्त माल भरत नाहीत आणि टाकलेली वस्तू खरोखरच टाकलेली असते. 'मूल्यमापनाची पद्धत राष्ट्रीय परिस्थितीशी जुळवून घेणे' असे भारदस्त नाव असलेले माझे काम म्हणजे या आकड्यांपुढे बसून दर वेळी विचारायचे: हे आपल्याकडे असे होते का? प्रश्न सोपा आहे. अडचण इतकीच, की विचारणारी व्यक्तीही त्याच पुस्तकांवर शिकलेली असते.

ग्राहकही विविध येतात. काटोलचे एक संत्र्यांचे व्यापारी आमच्या नागपूरच्या धरमपेठेतल्या कार्यालयात आले आणि मी दाखवलेल्या सगळ्या आलेखांवरून त्यांनी शांतपणे नजर फिरवली. मग म्हणाले, "आकडा काय याचा तो येऊ द्या मॅडम. स्टिकरवर पान मात्र हिरवं पाह्यजे." त्यांच्या स्पष्टतेचा मला आजही हेवा वाटतो. पण मला सांगायचे आहे ते दामोदरराव पराते यांच्या कूलरबद्दल.

नागपूरबाहेरच्या वाचकांसाठी: कूलर म्हणजे पत्र्याची एक मोठी पेटी. तिच्या तीन बाजूंना गवताच्या ताट्या, खाली पाण्याची टाकी, आत पंप आणि पंखा. ताट्यांवर पाणी ठिबकते, पंखा त्यांतून हवा ओढतो आणि मे महिन्यात आपण जिवंत राहतो. पेटी खिडकीबाहेर लोखंडी स्टँडवर असते आणि फेब्रुवारी सरता सरता ती पुसून, रंगवून, नव्या ताट्या घालून तयार करणे हे इथल्या घरांचे वार्षिक कर्तव्य आहे. महाल या जुन्या वस्तीच्या पलीकडे एका गल्लीत पराते काका अशा पेट्या बनवतात. त्यांचे वडील विणकर होते.

ते आले जानेवारीत, हातात एका शासकीय खरेदीची कागदपत्रे घेऊन. मुलींच्या वसतिगृहांसाठी कूलर घ्यायचे होते आणि या वेळी एक नवी अट होती: बाजारात चालणाऱ्या प्लास्टिकच्या कूलरपेक्षा पर्यावरणावरचा भार जास्त नसल्याचा अहवाल जोडावा.

"मॅडम, मले एक सर्टिफिकेट पाह्यजे."

"कशाचं, काका?"

"हेच तं तुम्ही सांगाचं. आता सगळे फायबरचा कूलर घेऊन राहिले. रंगीत आहे, चाकं आहेत, रिमोट आहे. माझ्याकडं चार वेल्डर बसून आहेत. बापानं माग मोडला तवा मी लहान होतो. हे काम गेलं तं घरातला दुसरा धंदा बंद होईन, अन् तो माझ्या हातानं."

मी त्यांना सांगितले की विज्ञान कोणाची बाजू घेत नाही. वाक्य मला फार आवडले होते. त्यांना ते मुळीच आवडले नाही.

दोन आठवड्यांत मी निकाल काढून काकांना कळवला: लोखंडी कूलर प्लास्टिकपुढे साफ हरत होता. सगळा दोष पत्र्याचा, कारण पोलाद बनवायला प्रचंड कोळसा लागतो. आलेख इतका सुबक झाला होता की तो एका परिषदेत मांडण्याची स्वप्ने मी पाहू लागले. अहवाल बांधायला देण्यापूर्वी मी स्वतःच लिहिलेल्या तळटीपा वाचल्या. ही सवय मला नाही, आणि आमच्या व्यवसायात बहुधा कोणालाच नाही. एका तळटीपेत विजेचा स्रोत लिहिलेला होता. मी परातेंचा कूलर पर्वतांतल्या नद्यांवर वीज बनवणाऱ्या एका थंड, स्वच्छ देशाच्या विजेवर चालवला होता. त्या देशात कूलर विकत मिळत नाही. इथे दर महिन्याला आत्याकडे जाताना मी वीजकेंद्राच्या ज्या चिमण्यांचा धूर बसच्या खिडकीतून पाहते, त्या माझ्या हिशेबात अस्तित्वातच नव्हत्या.

आपली कोळशाची वीज घातल्यावर चित्र उलटले. विजेचा भार इतका मोठा झाला की पत्रा त्यापुढे नगण्य ठरला. मी आनंदाने काकांना फोन केला: बॉडी निर्दोष आहे. मग आवाज खाली आणून सांगितले: मोटर दोषी आहे. त्यांची मोटर प्लास्टिकच्या कूलरपेक्षा कितीतरी पट वीज खात होती.

"म्हणजे मागच्या हप्त्यात बॉडी खराब, मोटर चांगली. आता बॉडी चांगली, मोटर खराब. पुढच्या हप्त्यात काय, पंखा?"

"काका, तुमचा कूलर टिकतो किती वर्षं, तेही मला लागेल."

"मरतच नाही."

"म्हणजे?"

"खालचा पत्रा सडला तं नवा जोडतो. मोटर जळली तं वाइंडिंग करतो. ताट्या दरसाल नव्या. आमच्या लग्नातला कूलर अजून चालू आहे. स्टँड तेवढा जुना आहे, बाकी सगळं बदललं."

आयुर्मानाच्या रकान्यात काय भरावे, यावर मी एक पूर्ण आठवडा घालवला. शेवटी भाग सुटे करून प्रत्येकाचे आयुष्य वेगळे धरले आणि या युक्तीला एक लांबलचक नाव दिले. परातेंच्या भाषेत त्या युक्तीला रिपेअरिंग म्हणतात.

पण आकडा काही केल्या खाली येईना.

एप्रिलमध्ये काही मोजमापे घ्यायला मी त्यांच्या दुकानी गेले. दुपारची वेळ होती, शटर अर्धे ओढलेले. मागच्या खोलीत कुसुमकाकू, म्हणजे परातेंच्या पत्नी, चादरी अंथरत होत्या. एकीकडे चारही वेल्डर आडवे झालेले, मध्ये काका, दुसऱ्या टोकाला कोणाच्या तरी घरून आलेल्या दोन पाहुण्या, त्यांची मुले, शेजारची एक म्हातारी. सगळे एकाच कूलरपुढे, एकाच दिशेला डोके करून.

"ये वं, जागा आहे," काकू म्हणाल्या.

"नको काकू, मी खुर्चीवर बसते. माझं काम आहे."

"ऊन उतरल्यावर कर ना. आता कोण काम करते?"

मी बाणेदारपणे खुर्चीवर बसले, मांडीवर लॅपटॉप घेतला, आणि समोरच्या रांगेतली डोकी मोजू लागले. माझ्या हिशेबाचे एकक होते 'एक कूलर, एक तास'. पण कूलर कोणी तासासाठी घेत नाही. माणसाला झोप लागावी म्हणून घेतात. प्लास्टिकचा लहान कूलर एका खाटेवरच्या एका माणसाला गार करतो. परातेंची पेटी अख्ख्या खोलीला. भागायचे होते ते झोपणाऱ्या माणसांनी. माझे स्वतःचे बालपण महालात याच पद्धतीने गेले आहे. मे महिन्यात मावशा, मामेभावंडे, सगळे कूलरच्या खोलीत ओळीने झोपत असू आणि पंख्यासमोरच्या जागेवरून मारामाऱ्या करीत असू. हे सगळे मला ठाऊक होते. फक्त पदव्युत्तर शिक्षणानंतर ते माहितीत मोजले जात नव्हते.

दोन वस्तूंची तुलना जाहीर करायची असेल, तर ती एका बाहेरच्या परीक्षकाकडून तपासून घ्यावी लागते. आमचे परीक्षक बंगळूरचे. त्यांचा कॅमेरा कायम बंद असे आणि वाक्ये टोकदार असत. त्यांनी विचारले, "एका कूलरपुढे किती माणसे झोपतात, याला पुरावा काय?" मी म्हणाले, "सर्वांना माहीत आहे." मग ते म्हणाले, "हा स्रोत मला माहितीसंचात सापडत नाही."

म्हणून भर एप्रिलात मी महालातल्या घरोघरी जाऊन विचारू लागले: तुमच्या कूलरपुढे रात्री किती जण झोपता? आयुष्यात इतक्या संशयाने माझ्याकडे कोणी पाहिले नव्हते.

पहिल्याच दारात एक बाई उभ्या राहिल्या. "काहून वं बाई? तुले काय कराचं आमच्या झोपीचं?"

"अभ्यास आहे काकू. पर्यावरणाचा."

"मीटर पाहाले आली का?"

"नाही, नाही. विजेच्या खात्याची नाही मी."

"मंग राशन कार्डवाली असन." त्यांनी आत वळून हाक दिली, "अहो, किती जण आहो म्हणून विचारून राहिली. किती सांगू?"

आतून आवाज आला, "कोण आहे, ते पाहून सांग!"

मी वीजवाली असल्याच्या समजुतीने लोकांनी कूलरच नसल्याचे सांगितले. तो त्यांच्या मागे घरघरत असे. रेशनवाली समजून काहींनी झोपणाऱ्यांत परगावी शिकणारी मुलेही धरली. एका घरी मला लग्नाच्या चौकशीसाठी आलेली समजले. चहा झाला, पोहे झाले, मुलाचा फोटोही दाखवला. प्रतिसादाची गुणवत्ता त्या घरी सर्वोत्तम होती. शेवटी ओळखीची माणसे सोबत घेऊन, नाव-गाव न विचारता, मी पुरेशी उत्तरे जमवली. परीक्षकांनी ती मान्य केली, मात्र अट घातली: वसतिगृह म्हणजे घर नव्हे, तिथल्या दालनात प्रत्यक्ष चाचणी हवी.

माणसांनी भागल्यावर परातेंचा कूलर प्लास्टिकच्या अगदी जवळ आला होता. जवळ; बरोबरीला नाही. तेवढे अंतर कापायला मोटर लहान करणे भाग होते. आमची खरी लढाई इथे झाली, कारण आपल्या कूलरच्या हवेचा काकांना विलक्षण अभिमान. दुकानात ग्राहक आला की ते त्याच्या हातात वर्तमानपत्र देत, कूलर सुरू करीत, आणि वर्तमानपत्र समोरच्या भिंतीवर जाऊन चिकटले की म्हणत, "बोला!"

"काका, मोटर अर्ध्या ताकदीची, पाती जरा रुंद. झोपायला तेवढी हवा पुरते."

"अर्ध्या ताकदीची हवा आजाऱ्याले पाह्यजे. माझ्या कूलरपुढं चादर धरून ठेवा लागते, मॅडम."

"लोकांना चादर अंगावर हवी असते, काका."

"तुम्ही धरमपेठेत एसीत बसता. तुमाले हवा काय माहीत?"

हे खरे होते, त्यामुळे मला राग आला. मी त्यांच्यासमोर आकडे ठेवले, आलेख ठेवले. ते आलेखांकडे पाहत राहिले आणि मी बोलत राहिले. अखेर आतून कुसुमकाकू आल्या. "मोठी मोटर ठेवा अन् शटर लावा. नाही तं लहान बसवा. पंधरा दिवसांपासून हेच ऐकून राहिली मी." काकांनी लहान मोटर बसवली. चार दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत.

चाचणी मे महिन्यात एका वसतिगृहात झाली. तिथे परिचर्या शिकणाऱ्या मुली होत्या; सकाळची रुग्णालयातली ड्यूटी संपवून त्या दुपारी झोपत. पहिल्या दिवशी त्या दालनात प्लास्टिकचे कूलर लावले. मुलींनी ते ओढत आपापल्या खाटांकडे नेले, त्यावरून बरीच बाचाबाची झाली आणि माझ्या नोंदी निर्दोष आल्या. दुसरा दिवस परातेंचा. खिडकीबाहेर त्यांची पेटी उभी राहिली. वसतिगृहाच्या अधीक्षिका मेश्रामबाई आणि काका बाहेर दाराशी खुर्च्यांवर बसले. विजेची नोंद एक यंत्र आपोआप घेत होते. खोलीचे तापमान, आर्द्रता आणि झोपलेल्या मुलींची संख्या मी ठराविक अंतराने हाताने लिहायची होती. तसे दुसरे यंत्र घेण्याऐवजी मी स्वतःला नेमले होते, कारण मानवी निरीक्षण अधिक विश्वासार्ह, असे मी प्रस्तावात लिहिले होते.

कूलर सुरू झाला. आवाज बेताचा होता, हवा एकसारखी आणि ओल्या गवताचा वास असलेली. मुली एकेक करून झोपल्या. मी सगळ्या झोपल्याची नोंद केली, तापमान लिहिले, पुढच्या नोंदीची वेळ लिहिली आणि भिंतीला टेकले.

"मॅडम! ओ मॅडम!"

डोळे उघडले तेव्हा पराते काका दारातून दबक्या आवाजात ओरडत होते. "मशीन मोजून राहिली, अन् तुम्ही काहून झोपल्या?"

मुली अजून झोपलेल्याच होत्या. बाहेर मेश्रामबाईंची मान खांद्यावर कलली होती. काकांच्या गालावर खुर्चीच्या प्लास्टिकच्या पट्ट्या उमटलेल्या दिसल्या, तेव्हा तेही आत्ताच जागे झाल्याचे कळले. माझ्या नोंदीत दीड तासाची पोकळी होती. अर्जाची मुदत दोन दिवसांनी संपत होती, आणि दुसऱ्या चाचणीसाठी दालन मिळणार नव्हते.

मी ते सांगितले तसा काकांचा चेहरा उतरला. मग सावरला.

"भरून टाका ना. पहिले काय लिहिलं?"

मी सांगितले.

"अन् आता?"

मी तापमापक पाहिले. जवळजवळ तेवढेच.

"इथं तेवढं, तिथं तेवढं. मधात काय बर्फ पडला असन?"

शास्त्रीयदृष्ट्या त्यांचे म्हणणे अगदी बरोबर होते. दोन बिंदूंमधली रेषा मी कोणाच्याही देखत ओढू शकले असते. आमच्या अर्ध्या जगाचे माहितीसंच अशाच रेषांवर उभे आहेत. पण एका थंड देशाची वीज नागपुरात आणून मी या माणसाचे दोन आठवडे खाल्ले होते, तीही अशीच, सोयीची म्हणून. जागा मी रिकामी ठेवली.

"मॅडम, तुमची झोप अन् माझं दुकान," काका म्हणाले. एवढेच. परतताना आम्ही एकाच रिक्षात होतो आणि दोघेही आपापल्या बाजूला पाहत होतो.

परीक्षकांना पाठवायच्या खुलाशाचे मी अनेक मसुदे केले. 'तांत्रिक कारणास्तव' असे एकात लिहिले. 'निरीक्षकाच्या शारीरिक मर्यादांमुळे' असे दुसऱ्यात. शेवटी लिहिले: 'या काळात नोंदी नाहीत, कारण नोंद घेणारी व्यक्ती झोपली होती.' पाठवा हे बटण दाबले आणि माझ्या कारकिर्दीच्या उर्वरित टप्प्यांचा आढावा घेत बसले. आढावा लवकर संपला.

दुसऱ्या दिवशी उत्तर आले. वीजनोंद अखंड आहे, पोकळीच्या आधी आणि नंतर सर्व मुली झोपलेल्या आहेत, चाचणी ग्राह्य. त्याखाली एक प्रश्न होता: 'झोपलेल्यांच्या संख्येत सदर व्यक्तीला धरले आहे काय?'

मी हे काकांना फोनवर वाचून दाखवले. पलीकडे वेल्डिंगचा आवाज थांबला.

"धरल्यानं काय होते?"

"आकडा आणखी कमी होतो, काका. माणसं जितकी जास्त, तितका चांगला."

"मंग धरा ना! मलेही धरा. मी झोपलोच होतो. मेश्रामबाई तं घोरत होत्या, साक्षीदार आहे मी."

"आपण वसतिगृहात राहत नाही, काका. आपण हिशेबाबाहेर."

"न धरता अटीत बसते का पण?"

"बसते. थोडक्यात, पण बसते."

त्यांनी फोन कानापासून दूर धरला. मग कोणाला तरी ओरडून म्हणाले, "अरे, ते मोठ्या मोटरीचं खोकं मागं ठेव रे, हे लहानवालंच चालते!"

परातेंचा अर्ज पात्र ठरला आणि काही वसतिगृहांचे काम त्यांना मिळाले. नव्या ग्राहकांना ते आता वर्तमानपत्र देत नाहीत. "आमच्या कूलरची तपासणी कराले सरकारी मॅडम आल्या होत्या, त्या जागीच झोपल्या," असे सांगतात. मी सरकारी नाही, हे सांगायचे मी सोडून दिले आहे. अहवाल छापला गेला. त्यातल्या माझ्या प्रत्येक गृहीतकावर पुढे कोणी ना कोणी शंका काढली: विजेवर, पाण्यावर, पत्र्याच्या आयुष्यावर, महालातल्या कुटुंबांच्या आकारावर. फक्त एका तळटीपेवर आजवर कोणीही आक्षेप घेतलेला नाही. ती अशी: 'निरीक्षक झोपेत होती. तिची गणना लाभार्थींत केलेली नाही.'